जीभ वर कर

"तोंड उघड. अजून उघड. जीभ वर कर."

मी जीभ वर केली. डॉक्टरनं टॉर्च मारली. जिभेखाली पाहिलं, दोन्ही गालांत पाहिलं, हिरड्यांच्या कडेनं पाहिलं. गोळी गिळली की लपवली, ते त्याला पाहायचं होतं. रोज पाहायचा. तुमसरच्या रस्त्यावर त्या दवाखान्याच्या ओसरीत आम्ही सहा ड्रायव्हर सकाळी लाइन लावून उभे राहायचो. कंपाउंडर चिमट्यानं गोळ्या उचलायचा आणि हातावर वरून टाकायचा, बोट लागू नये म्हणून. गोळ्या गिळायच्या, पाणी प्यायचं, जबडा फाकवायचा. रोग्यांनी भरलेल्या बाकासमोर.

त्या सकाळी बाकावर माझा बाप बसला होता.

तो येणार हे मला माहीत नव्हतं. धानाच्या चुरणीची, मळणीची धूळ छातीत गेली होती, महिनाभर खोकत होता. आंबागडहून कुणाच्या तरी सायकलवर मागं बसून आला होता. मी गोळ्या खातो हे त्याला ठाऊक नव्हतं. घरी मी ताकदीची दवा म्हणून सांगितलं होतं. त्याच्या शेजारी शाळेचे एक मास्तर होते. डॉक्टर त्यांच्याशी बोलत बोलतच माझ्या तोंडात पाहत होता.

"बघा मास्तर, ट्रक चालतो डिझेलवर आणि हे महाशय चालतात गोळीवर. दात बघा, चावून चावून कसे झिजवलेत. एक दिवस गोळी दिली नाही तर लहान पोरासारखा रडतो. रडतोस की नाही रे?"

उघड्या तोंडानं बोलता येत नाही. मी मान हलवली. हो म्हणून.

मास्तर हसले. मग अख्खा बाक हसला. लाळ हनुवटीवरून ओघळली, शर्टावर पडली. डॉक्टरनं अजून "बंद कर" म्हटलं नव्हतं, म्हणून मी तोंड बंद केलं नाही. तीस वर्षांचा माणूस, दोन लेकरांचा बाप, तसाच उभा. आधी लाज वाटत नव्हती असं नाही. पण बापासमोर वाटली ती वेगळीच.

बा हसला नाही. माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. त्याची पाळी आली तेव्हा उठला आणि औषध न घेताच बाहेर गेला.

आता गोळीची गोष्ट सांगतो. आणीबाणी उठून एकदोन वर्षं झाली होती तेव्हाची.

चिखल्याच्या खाणीतून मँगनीज निघायचं. ते ट्रकांत भरून रेल्वेच्या साइडिंगवर न्यायचं, हे आमचं काम. आम्ही खाणीची माणसं नव्हतो, एका ठेकेदाराची होतो. खाणीच्या कामगारांना क्वार्टर होते, कंपनीचा दवाखाना होता. आम्हाला ठेकेदार होता. सगळे त्याला मालक म्हणायचे, मीही म्हणायचो. साइडिंगवर वॅगन लागली की ती भरेपर्यंत ट्रक थांबवायचा नाही, हा मालकाचा कायदा. दिवाळी झाली की वॅगनवर वॅगन लागायच्या. माणूस किती जागणार? तेव्हा मुकादम चहासोबत एक पिवळी गोळी द्यायचा. करंगळीच्या नखाएवढी, मधोमध रेघ असलेली.

मी पहिल्यांदा विचारलं, "कायची गोळी होय गा?"

मालक तिथंच खुर्चीवर होता. तो म्हणाला, "दवाई है, खा ले. गाडी रुकनी नहीं चाहिए."

खाल्ली. शीण गेला, भूक गेली, झोप गेली, कंबर दुखायची थांबली. स्टिअरिंगवर मी मोठ्यानं गाणी म्हणत होतो. खोटं कशाला सांगू, मजा आली. पहिला हंगाम मजेतच गेला. दुसऱ्या हंगामात गोळीशिवाय डोळा उघडेना. तिसऱ्यात मुकादमाच्या गोळ्या पुरेनात, म्हणून जिथून मिळेल तिथून घेऊ लागलो. गोळी उतरली की दोन दोन दिवस मेल्यासारखा पडून राहायचो आणि उठलो की कारण नसताना रडायचो. डॉक्टर बोलला ते खरंच होतं. खरं होतं म्हणूनच ते जास्त लागलं.

मग डोकं फिरलं. घरच्या जेवणात कुणी काहीतरी कालवतं असं मला वाटू लागलं. सुभद्रा, माझी बायको, ताट वाढायची आणि मी म्हणायचो, आधी तू खा. लेकरांसमोर तिला माझ्या ताटातला पहिला घास खायला लावायचो. गिळला की नाही, ते पाहायला एकदा तिला तोंड उघडायला लावलं. हे मी केलेलं आहे. लिहिताना हात जड होतो, पण दुसऱ्यानं केलेलं तेवढं लिहायचं आणि आपलं झाकायचं, हे मला जमणार नाही.

एका भर दुपारी, सरळ रस्त्यावर, ट्रकपुढं पांढऱ्या धोतराचा माणूस चालताना दिसला. मी ब्रेक दाबले. ट्रक रस्त्याखालच्या धानाच्या बांधीत उतरून कलंडला. मी खिडकीतून बाहेर आलो आणि त्या माणसाला शोधत राहिलो. कुणीच नव्हतं.

मालकानं मला काढलं नाही. त्याला माझे हात हवे होते. त्यानं आपल्याच जागेत एक डॉक्टर आणून बसवला होता. तरणा, नागपूरकडचा, जाडजाड इंग्रजी पुस्तकं वाचणारा. मला त्याच्याकडे पाठवलं.

आणि इथंही मी खरं तेच सांगणार. त्या डॉक्टरनं पहिल्या दिवशी जे सांगितलं, ते बरोबर होतं.

"ही गोळी एकदम तोडली तर तू मोडशील," तो म्हणाला. "म्हणून तीच गोळी मी तुला देणार, पण मोजून. सकाळी दोन, दुपारी दोन. बाहेरची एकही खायची नाही. मग दर पंधरा दिवसांनी अर्धी कमी करायची. विलायतेत काही डॉक्टर असा इलाज करतात."

त्यानं माझं जाड पुठ्ठ्याचं कार्ड केलं. पहिल्या पानावर मराठीत लिहिलं, कंपाउंडरला वाचता यावं म्हणून. दर पंधरा दिवसांनी अर्धी कमी. आत तीन रकाने होते. तारीख, गोळ्या, शेरा.

इलाज लागू पडला. महिन्याभरात झोप येऊ लागली. पांढऱ्या धोतराचा माणूस दिसेनासा झाला. सुभद्रानं वाढलेलं मी निमूट जेवू लागलो. आता एकच हवं होतं, त्या चार गोळ्या शून्यावर याव्यात. पावसाळ्यात धानाची रोवणी येईल तेव्हा गोळीविना बापाच्या बांधीत उभा राहीन, असं मी सुभद्राला कबूल केलं होतं.

पण चारच्या चारच राहिल्या. दर सोमवारी डॉक्टर शेऱ्याच्या रकान्यात एकच शब्द लिहायचा. चालू.

आता माझी अक्कल पाहा. मी सातवी शिकलेला, वाचता येत होतं. पण मालकाच्या गॅरेजमध्ये एक फळा होता. त्यावर ट्रकांचे नंबर आणि पुढं दोनच शब्द असायचे, चालू नाही तर बंद. चालू म्हणजे गाडी ठणठणीत, रस्त्यावर आहे. बंद म्हणजे पाटा तुटला, इंजिन उतरवलं, पडून आहे. आमची बोलीच ती झाली होती. कुणी ताप येऊन घरी बसला तर आम्ही म्हणायचो, तो बंद आहे. त्यामुळे कार्डावरचा शब्द वाचून मी समजलो, डॉक्टर माझ्याबद्दल लिहितो. माणूस चालू. मला त्याचा अभिमान वाटला. मी कार्ड सुभद्राला दाखवलं.

"पाह्य, डॉक्टर काय लिहून राहिला. मी चालू हावो."

ती म्हणाली, "मंग गोळी काहून कमी नाही करत?"

मी तिच्यावर ओरडलो.

बा औषध न घेता निघाला, त्या सकाळी मी त्याला ट्रकमध्ये बसवून आंबागडच्या वळणापर्यंत सोडलं. जन्मात पहिल्यांदा तो माझ्या ट्रकमध्ये बसला होता. अर्धी वाट नुसता खोकत होता. मग समोर पाहतच म्हणाला, "बैलाचे दात कायले पाह्यतेत, मालूम हाय ना तुले?"

"वय समजाले."

"वय समजाले, अना इकत घेवाले. घरच्या बैलाचे दात कोनी रोज रोज पाह्यत नाही."

वळणावर उतरला आणि आंबागडच्या किल्ल्याकडे, आमच्या घराकडे जाणाऱ्या रस्त्यानं चालू लागला. मला त्याचा राग आला. आयुष्यभर बांधीच्या चिखलात उभा राहिलेला माणूस, त्याला डॉक्टरी काय कळते, असं मी मनात म्हटलं. म्हटलं खरं, पण दुसऱ्या दिवशी कंपाउंडरला एकट्याला गाठून विचारलंच, या शब्दाचा अर्थ काय म्हणून.

तो पोट धरून हसला. "येडा हायेस का बे? चालू म्हंजे गोळी चालू ठेवाची. जेवढी हाय तेवढीच. तुह्यासाठी नाही लिवत थे, माह्यासाठी लिवते."

मी डॉक्टरसमोर गेलो. पहिलं पान पुढं केलं. "साहेब, अर्धी कमी करा ना आता."

"डॉक्टर कोण, तू की मी? हंगाम होऊ दे, मग पाहू."

हंगाम. धानाला हंगाम असतो, वॅगनला हंगाम असतो. इलाजाला कसला हंगाम? मला त्याच्या तोंडून मालकाचा आवाज ऐकू आला. तरी मी लाइनीत उभा राहिलो, जीभ वर करत राहिलो. कारण गोळी त्याच्या हातात होती.

मग किसनचं झालं. आम्हा सहांतला तो एक, माझ्याच वयाचा, बोलका. साइडिंगवर ट्रकचा फाळका सुटून त्याच्या हातावर पडला. मनगट मोडलं ते नीट जुळलंच नाही. स्टिअरिंग धरता येईना. पुढच्या सोमवारी त्याच्या कार्डावर डॉक्टरनं लिहिलं, बंद. चार गोळ्यांवरून एका दिवसात काही नाही. ज्या डॉक्टरनं मला सांगितलं होतं, एकदम तोडली तर मोडशील, त्यानंच हे लिहिलं.

किसन खाटेवर पडून राहिला. खाईना, बोलेना, भिंतीकडे तोंड करून रडायचा. त्याची बायको पार्वता दवाखान्यात आली, कंपाउंडरच्या पाया पडली. तो म्हणाला, साहेबाचं लिहिलेलं नाही, मी देऊ शकत नाही. आम्ही लाइनीत होतो. आम्ही पाचही जण ऐकत होतो. कुणी बोललं नाही. मीही नाही. आठव्या दिवशी किसन गावच्या बोडीत, त्या लहानशा तळ्याच्या पाण्यात सापडला. लोक म्हणाले, पाय घसरला असेल. असेल.

त्यानंतर दोनेक आठवड्यांनी दुपारी मी किल्ली टांगायला मालकाच्या ऑफिसात गेलो. आत कुणी नव्हतं. टेबलावर मँगनीजच्या दगडाखाली एक कागद दाबून ठेवला होता. डॉक्टरचं अक्षर मी ओळखतो. सहा नावं. पाचांपुढं चालू. किसनच्या नावापुढं बंद. कागदाच्या शेजारी ट्रकांची यादी होती, तिच्यावरही तसंच, चालू आणि बंद.

मी तिथं उभ्या उभ्या समजलो. कंपाउंडर उगीच हसला होता. माझंच वाचन बरोबर होतं. तो शब्द गोळीबद्दल नव्हता. माझ्याबद्दलच होता. डॉक्टर रोग्याचा इलाज लिहीत नव्हता, मालकाला कळवत होता, कोणता माणूस जुंपायला आहे आणि कोणता मोडीत काढायचा. बापाला दवाखान्याच्या बाकावर बसून एका सकाळी जे दिसलं, ते मला कार्ड हातात धरून चौदा सोमवार दिसलं नव्हतं. संताप असा आला की दगड उचलून खिडकीवर मारावा. मारला नाही. किल्ली खिळ्याला टांगली आणि घरी गेलो.

दुसऱ्या सकाळी लाइनीत माझा नंबर तिसरा होता. अंग जड होतं, सकाळची गोळी पोटात जायच्या आधी असायचं तसं. मला गोळी हवी होती. हे नीट समजून घ्या. ती नको होती म्हणून मी भांडलो नाही. ती हवी असतानाच भांडलो.

कंपाउंडरनं दोन गोळ्या हातावर टाकल्या. एक गिळली. दुसरी मधल्या रेघेवर दातांनी तोडली. अर्धी गिळली. उरलेली अर्धी, थुंकीनं ओली, मी डॉक्टरच्या टेबलावर त्याच्या उघड्या वहीवर ठेवली.

"हे काय?"

"अर्धी कमी. तुमीच लिवलं हाय. शेऱ्यात लिवा."

"तोंड उघड."

"नाही."

"जीभ वर कर म्हणतोय."

"नाही करत. मी बैल नाही हावो."

बाकावर कुणी हसलं नाही. डॉक्टरचा चेहरा लाल झाला. त्याच्या वहीचं पान ओलं होऊन पिवळं पडत होतं आणि त्याला तिथं बोट लावायची किळस येत होती. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा मी त्याच्या तोंडाकडे पाहत होतो.

"उद्यापासून एकही मिळणार नाही," तो म्हणाला. "रडत येशील."

"रडीन. पन इथं नाही येनार."

कार्ड खिशात घातलं आणि बाहेर पडलो. दुपारपर्यंत मालकानं माझी किल्ली दुसऱ्याला दिली. मी बंद झालो.

घरी जाऊन मी सगळं सुभद्राला सांगितलं. जरा फुशारकीनंच सांगितलं, तोंड उघडलं नाही म्हणून. ती चुलीपुढं बसली होती. वळून न पाहता म्हणाली, "माहं बी तोंड उघडून पाह्यलं होतं तुमी."

मी खाली बसलो. त्या दिवशी मालकानं काढलं, डॉक्टरनं धमकावलं, पण खाली बसलो तो तिच्या त्या बोलण्यानं. अपमान काय असतो हे मला शिकवायला डॉक्टरची गरज नव्हती. ते माझ्या घरात मी स्वतः केलेलं होतं. मी तिची माफी मागितली. ती माफ केलं म्हणाली नाही, नाही केलं असंही म्हणाली नाही. सकाळी मला घेऊन भंडाऱ्याच्या एसटीत बसली.

तिथं एक डॉक्टरीणबाई भेटल्या. कार्ड पाहिलं. पहिलं पान दोनदा वाचलं.

"हे चांगलं लिहिलंय," त्या म्हणाल्या. "पाळलं का नाही?"

त्या पानावर जे लिहिलं होतं तेवढंच त्यांनी केलं. तीच गोळी दिली, पंधरवड्याला अर्धी कमी. आणि म्हणाल्या, घरातल्या एकाच्या ताब्यात ठेवा. सुभद्रानं ताबा घेतला नाही. तिला ते काम नको होतं आणि मी समजलो का ते. मग बानं घेतला. त्यानं गोळ्या बियाण्याच्या डब्यात ठेवल्या. रोज सकाळी गोळी माझ्या हातावर ठेवायचा, बोटं माझ्या तळव्याला लागायची, आणि पाठ फिरवून किल्ल्याकडे पाहत उभा राहायचा. मी गिळली की नाही, त्यानं कधी पाहिलं नाही. मी एकदाही लपवली नाही.

सोपं गेलं असं सांगणार नाही. रोवणीला शेवटची अर्धी उरली होती. परे, म्हणजे धानाची रोपं, हातात घेऊन मी बांधीच्या पाण्यात उभा राहायचो आणि रडू यायचं, सगळ्या बायकांसमोर. रडलो. हात चालवत रडलो.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. बा गेला. मी ट्रॅक्टर चालवतो, दुसऱ्याचा. मधल्या काळात तो डॉक्टर मोठा झाला, त्याचा दवाखाना दोन मजल्यांचा झाला. परवा त्याचा तोच कंपाउंडर माझ्या दारात आला. केस पांढरे झालेत. हातात छापील पत्रिका.

"साहेबाचा सत्कार हाय. व्यसनमुक्तीचं काम केलं ना त्याईनं. तुमी पयले बरे झालेले पेशंट. स्टेजवर बसजा, दोन शब्द बोलजा."

मी पत्रिका घेतली. येतो म्हणालो. सुभद्रानं कोठीतून माझं कार्ड काढून दिलं. मग मी पार्वताकडे गेलो. तिनं किसनचं कार्ड जपून ठेवलं आहे. पत्रिका दाखवली आणि मागितलं, तिनं दिलं. म्हणाली, "मी बी येतो. पुढं बसतो."

मी इलाजाविरुद्ध बोलणार नाही. तो इलाज खरा आहे, मी त्यानंच उभा आहे. पहिलं पान मी आधी वाचणार, डॉक्टरच्या अक्षरातलं, त्याच्या समोर. मग आतला रकाना. माझ्या कार्डावरचे चौदाही सोमवार, एक एक तारीख घेऊन. किसनच्या कार्डावरचे नऊ, आणि दहावा. माइक काढून घेतला तर माइकशिवाय. लोक उठून गेले तर पार्वतासाठी.

दोन शब्द बोला म्हणाले आहेत. दोनच बोलणार आहे. चालू. आणि बंद.